आमच्या आडात कासव आहे

मी निघाले त्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी टँकर उभा होता. मुंबईला नेणारी गाडी पलीकडं चौकात, आणि तिच्या नि माझ्या मधे सगळ्या गल्लीचे ड्रम. निळे, काळे, रंगाचे रिकामे डबे, एक तर बाळाला न्हाऊ घालायचा टब. दुष्काळाचं ते लागोपाठचं दुसरं वर्ष. टँकरच्या रांगेत उस्मानपुऱ्यातला माणूस सख्ख्या भावासाठी इंचभर सरकायचा नाही. पण माझी चाकांची बॅग दिसली आणि एकेक ड्रम मुकाट्यानं बाजूला होत गेला. शेजारच्या रुखसाना खालाचा मोडलेला डावा हात अजून पट्टीत, गळ्यात बांधलेला. तिनं आपला ड्रम पायानं ढकलला आणि म्हणाली, "जाव बेटा, खैर से जाव. इधर की फिकर नक्को करो."

मग तिनं उजव्या हातानं मला एक बाटली दिली. टँकरचंच पाणी, पण फडक्यातून दोनदा गाळलेलं. विमानतळावर तपासणीवाला म्हणाला, पाणी आत चालणार नाही. बाजूला उभी राहून पिऊन टाकायचं की नाही! दोन मिनिटांचं काम. पण मागं रांग होती, लोक बघत होते, मला लाज वाटली, आणि ती भरलेली बाटली मी तशीच टोपलीत टाकली. मला लाज नेहमी नको तिथं वाटत आली आहे. हे लिहायला बसले ते त्यासाठीच.

गल्लीतल्या सगळ्यांनो, हे तुमच्यासाठी आहे. आणि माझ्यासारखे जे कोणी पुण्याला, दुबईला, कॅनडाला गेलेत त्यांच्यासाठीही. आमचा आड कोणी बुजवला हे तुम्हाला ठाऊक आहे, पण एकानंही कधी माझ्या तोंडावर म्हटलं नाही. तुम्ही सगळे म्हणत राहिलात, "आबांनी आड बुजवला." आबांनी नाही. मी बुजवला. आबांनी फक्त माझं ऐकलं.

आता जी पोरं मोठी झालीत त्यांनी तो पाहिलेलाही नसेल. आमच्या अंगणात, दारातून आत शिरल्यावर डाव्या हाताला, गोल, काळ्या दगडाचा. वर लाकडी रहाट. दार सकाळी सहाला उघडायचं ते दुपारी बारापर्यंत उघडंच, आणि तेवढ्या वेळात कोणीही यावं, पोहरा सोडावा, घागर भरावी. विचारायची पद्धत नव्हती. विचारलं तर आबांना राग यायचा. आबा बस डेपोच्या वर्कशॉपात फिटर होते, रहाटाला ग्रीस तिथलंच. आधीच्या मोठ्या दुष्काळात, मी जन्मायच्या आधी, अख्खी गल्ली त्या आडावर जगली असं खाला सांगायची. तळाला गेलं, पण आटलं नाही.

आणि आडात कासव होतं. माझ्या पणजोबांनी सोडलेलं. पाण्यातली घाण, किडे खातं, पाणी निर्मळ ठेवतं, म्हणून जुनी माणसं सोडायची. बाराला ऊन सरळ तळापर्यंत उतरायचं तेव्हा ते वर यायचं, डोकं काढायचं. मग आबा म्हणायचे, "आलं बघ मालक. लावा आता दार."

मी सव्वीसची असताना वाळूजकडची मंडळी मला बघायला आली. शहर तेव्हा चहूकडं पसरत होतं. जिथं ज्वारी होती तिथं अपार्टमेंट, घरोघरी नळ. ही मंडळी अशाच एका नव्या फ्लॅटातली. नेमक्या त्या वेळी अंगणात चार बायका घागरी घेऊन, खाली सगळा चिखल, खाला मोठमोठ्यानं कोणाला तरी रागावतेय. मुलाच्या आत्याचा पाय घसरला, पदराला चिखल लागला. हसून म्हणाली, "अगं बाई, तुमच्याकडं तर गावाचा पाणवठाच हाय!" बास. एवढंच. पुढं स्थळाकडून नकार आला. कशामुळं आला देव जाणे, पण मी तो आडाच्या माथी मारला.

"नळ आलाय दारात, आता कशाला तो आड?" मी म्हणाले. फरशी बसवू, स्कूटी ठेवू, घर घरासारखं दिसेल. आबा म्हणाले, "आड झाकायचा असतो, पोरी. बुजवायचा नसतो." मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. आई जाऊन दोन वर्षं झालेली, घरात आम्ही दोघंच, आणि त्यातली मी मुकी. ताट वाढायचं आणि आत जायचं. चौथ्या दिवशी म्हणाले, "बरं." त्या 'बरं'चा मला आनंद झाला होता हो. मी त्या दिवशी शिरा केला होता.

आबांनी गडी उतरवून कासव वर काढलं, पत्र्याच्या बादलीत ठेवलं, वर ओलं पोतं टाकलं आणि बसनं पैठणला नेलं, गोदावरीत सोडायला. कंडक्टरनं विचारलं म्हणे, "काय हाय बादलीत?" आबा म्हणाले, "घरचं माणूस हाय." संध्याकाळी मोकळी बादली घेऊन आले आणि जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी आडाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, हात जोडून काहीतरी पुटपुटले. त्या काळात रस्ते रुंद होत होते, जुनी घरं अर्धी-अर्धी कापली जात होती, मलब्याला तोटा नव्हता. ट्रॅक्टर मागं घेत घेत आला आणि कोणाकोणाच्या भिंतींचे घडीव दगड आमच्या आडात पडले. पाण्याचा आवाज पहिल्या चार-पाच दगडांनाच आला. नंतर नुसता दगडावर दगड.

तीन वर्षांनी पावसानं दगा दिला. मग पुन्हा दिला. नळ आठ-आठ दिवसांनी, बोअर कोरडे. आणि त्याच टँकरपाशी, ओल्यात पाय घसरून, खालाचं मनगट मोडलं. तीस वर्षं जी आमच्या आडावर पाणी भरत होती तिचं. मी तिला दवाखान्यात नेलं, रिक्षात ती कण्हत होती आणि मधेच म्हणाली, "तुम्हारा पानी बडा मीठा था." टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. मी आबांना विचारलं, "आत्ता आड असता तर पाणी असतं का?" ते म्हणाले, "आता काय सांगावं." त्यानंतर सहा महिन्यांत मी केअररचा कोर्स संपवला आणि बाहेरचं काम शोधलं. सगळ्यांना सांगितलं करिअर. खरं सांगू? मला त्या फरशीवरून रोज चालवत नव्हतं. मी पळाले.

माल्टा कुठं आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. एजंटनं नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली सगळा देश झाकला गेला. इटलीच्या खाली, समुद्रात, तिळाएवढा. राजधानीचं नाव व्हॅलेटा. तिथल्या एका चढाच्या, पायऱ्या-पायऱ्यांच्या गल्लीत कार्मेनाबाईंचं घर, आणि त्यांना सांभाळणं हे माझं काम. औषधं, आंघोळ, सूप, फिरवून आणणं. तेव्हा त्या ऐंशी ओलांडलेल्या, आता नव्वद. एकट्या. शाळेत इतिहास शिकवायच्या, आणि शाळा सुटली तरी शिकवणं सुटलेलं नाही. बोलायच्या इंग्रजीत, पण दर वाक्याच्या आधी "मेला". म्हणजे 'तर मग'. मी पहिले आठ दिवस समजत होते की बाई मला शिव्या घालतायत. पुढं पुढं त्यांच्या भाषेतलं 'किताबा'सारखं, 'दुनिये'सारखं काही कानावर पडायचं आणि मला वाटायचं, भिंतीपलीकडं खालाच बोलतेय.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मला स्वयंपाकघरामागच्या चौकात नेलं आणि एक जाड लाकडी झाकण उचलायला लावलं. खाली काळोख, गार वाफ, आणि खोल कुठंतरी पाण्याची चमक. 'बीर' म्हणतात त्याला. आपल्यासारखा झरा नाही, खडकात कोरलेली टाकी. गच्चीवरचा पाऊस नळ्यांतून त्यात उतरतो. हे शहर बांधलं तेव्हाच नियम होता, प्रत्येक घराच्या पोटात पाण्याची टाकी हवीच. त्याला साडेचारशे वर्षं झाली.

"वंदना," त्या म्हणायच्या, "कोण राजा आला ते नंतर विचार. आधी विचार, तो प्यायला काय." त्यांचा सगळा इतिहास असा. ह्या बेटावर एक नदी नाही, उन्हाळाभर टिपूस नाही. पिरॅमिडांच्याही आधी इथं लोकांनी प्रचंड दगडांची देवळं उभी केली आणि मग ते लोक नाहीसेच झाले. कोणी म्हणतं रोगानं, कोणी म्हणतं दुष्काळानं. मग फिनिशियन व्यापारी आले, गलबतांत पाणी भरून घ्यायला थांबले आणि राहिले. मग रोमन. त्यांच्या काळात एका संताचं जहाज इथं फुटलं, त्याची अजून मिरवणूक निघते. मग अरब आले, त्यांनी भाषा दिली, रहाट दिला. रहाट! मी हातातलं भांडं खाली ठेवलं होतं ते ऐकून.

मग आले क्रूसाचं चिन्ह लावणारे सरदार, युरोपातल्या बड्या घरांतले. त्यांच्यावर तुर्कांनी एवढं मोठं आरमार आणलं, चार महिने वेढा. तेव्हा ह्यांनी काय केलं, तर तटाबाहेरच्या विहिरी नासवल्या, शत्रूला पाणी मिळू नये म्हणून. बाई हे मोठ्या रंगात येऊन सांगत होत्या आणि मी त्यांचे पाय चोळत होते. मनात आलं, ह्यांनी निदान शत्रूसाठी नासवल्या. मी कोणासाठी? खालासाठी?

वेढा उठल्यावर हे शहर बांधलं, आणि पुढं लांबून, डोंगराकडून कमानींवरून पाणी आणलं. त्याच सुमाराला आपल्याकडं, शहर वसवणाऱ्या त्या हबशी वजिरानं जमिनीखालून नहर आणली होती. आबा मला लहानपणी पाणचक्कीवर न्यायचे, म्हणायचे, "हे पाणी कुठून येतंय बघ, मैलोन् मैल, कोणाच्या डोळ्याला न दिसता." तेव्हा मला गोळा खायची घाई असायची. जे ज्ञान घरात फुकट मिळत होतं ते मी समुद्र ओलांडून एका परक्या म्हातारीकडून घेतलं.

पुढं फ्रेंच आले, त्यांनी चर्च लुटली, लोक उठले. फ्रेंच ह्याच तटाच्या आत दोन वर्षं कोंडून पडले आणि ह्याच टाक्यांचं पाणी पीत राहिले. मग इंग्रज, आपले ओळखीचे. मग महायुद्ध. कार्मेनाबाई आठ-नऊ वर्षांच्या. बाँब पडायचे, नळ तुटलेले, आणि सगळी गल्ली ह्यांच्या टाकीवर यायची. "माझ्या वडिलांनी दार काढूनच ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि तुला गंमत सांगू? टाकीत एक वाम सोडलेली होती. सापासारखा मासा. किडे खाते, पाणी स्वच्छ राहतं. बाँब पडला की ती कोपऱ्यात जाऊन बसायची, आमच्यासारखीच."

आणि तिथं मी घसरले. काही कळायच्या आत माझ्या तोंडून गेलं, "आमच्या आडात कासव आहे!"

'होतं' म्हणायला हवं होतं. एवढी आनंदले होते की 'आहे' निघून गेलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या लहान मुलासारख्या. मग विचारलं, केवढं आहे? खायला काय घालता? शेजारचे येतात का पाण्याला? आणि मी सांगत सुटले. येतात तर! सहाला दार उघडतं. बाराला कासव वर येतं. वडील म्हणतात, आलं बघ मालक. सगळं खरं होतं, फक्त बुजवलेलं होतं. त्या दिवसापासून रोज सकाळी गोळ्या घेताना बाई विचारायच्या, "मेला, कासव कसं आहे?" आणि मी रोज सांगायची, मजेत आहे. दोनचार दिवस नाही, पाच वर्षं. शनिवारी त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी यायच्या, त्यांना बाई झाकण उघडून टाकी दाखवायच्या आणि अभिमानानं म्हणायच्या, "हिच्या घरी पण आहे. अजून चालू आहे. ह्यांनी सांभाळलाय." मी मान हलवायची. शाबासकीही घ्यायची, निर्लज्जासारखी.

शेवटी बाईंनीच हट्ट धरला. म्हणाल्या, त्या कासववाल्या माणसाला बोलाव, मी पत्र देते. आणि गेल्या उन्हाळ्यात आबा आले. चौऱ्याहत्तर वर्षांचे, आयुष्यात पहिल्यांदा विमानात, पांढरा शर्ट, खालानं विणून दिलेला मफलर. तिच्या त्या मोडून वाकड्या बसलेल्या मनगटानं विणलेला. शहराच्या पाटीवर आता छत्रपती संभाजीनगर लिहिलंय, कुठल्या दुकानाच्या जागी काय झालंय, असं सगळं सांगत होते. मला वाटलं होतं, दुभाषी तर मीच. इंग्रजी त्यांना येत नाही, मराठी बाईंना येत नाही. मी निभावून नेईन.

जेवायच्या टेबलावर बाईंनी विचारलं, "कासव कसं आहे?" मी वळून म्हणाले, "आबा, प्रवास कसा झाला विचारतायत." पण बाईंना दम कुठला? त्यांनी एका हाताच्या तळव्यावर दुसऱ्या हाताची मूठ ठेवली, अंगठा पुढं काढला, हळूहळू हलवला. आणि बोटानं खाली, आडाकडं दाखवावं तसं दाखवलं.

आबांनी त्या हातांकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. लहानपणापासून मी त्यांच्या हातचा मारही खाल्लाय, पण तसं पाहणं कधी पाहिलं नव्हतं. रागाचं नव्हतंच ते. एखाद्याचं दुखणं उशिरा कळल्यावर आपण बघतो ना, तसं. मग आबांनी आपले हात वर घेतले. तसाच तळवा, तशीच मूठ. अंगठा हळूच वर काढला, उन्हाकडं बघावं तसा तिरपा केला, आणि बाईंकडं बघून हसले. मला म्हणाले, "सांग त्यांना. बरं हाय म्हणावं. बाराच्या उन्हाला वर येतं."

मी ते भाषांतर केलं. कसं केलं विचारू नका. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ताटं उचलून आत गेले.

त्यानंतर तीन आठवडे आबा त्या विषयावर अवाक्षर बोलले नाहीत. फक्त एकदा सकाळी टाकीचं झाकण उघडायला लावलं, पोहरा सोडला, ओंजळभर पाणी घेतलं आणि डोळ्यांना लावलं. मला म्हणाले, "किती राजे आले म्हणालीस इथं?" मी बोटं मोजत सांगितले. "आन् बुजवला कोणीच नाय?" "नाय," मी म्हणाले. त्यांनी झाकण स्वतःच लावलं.

विमानतळावर निरोप घेताना मात्र बोलले. "वंदे, मी जन्मात खोटं बोललो नाय असं नाय. साहेबाशी बोललो, तुझ्या आईशी बोललो. पण पाण्याबद्दल नव्हतो बोललो कधी." एवढं म्हणून ते तपासणीच्या रांगेत गेले. हातातली पाण्याची बाटली तिथंच बाजूला उभं राहून, सावकाश, पूर्ण प्यायले. मागच्या लोकांची त्यांना काही पडलेली नव्हती.

दोन आठवड्यांनी खालाचा व्हिडिओ कॉल. वैतागलेली. "तेरे बावा कू समझा बाई! फरशी उखाड के रख दिये!" तिनं फोन फिरवला. अंगणात फरशीचे तुकडे, मधे गोल खड्डा, दोन मजूर आत, आणि काठावर आबा बसलेले, दोर धरून, मलब्याची टोपली वर घेतायत. भिंतीला घडीव दगडांची रास लागलेली, कोणाकोणाच्या घरांचे ते. "बोलते क्या, मैं उस बुड्ढी से झूट बोल के आया हूँ, अब सच करना पडेंगा."

मी ओरडले, "आबा, ह्या वयात! पाणी लागेल कशावरून?"

आबांनी फोनकडं बघितलंही नाही. "लागंल, नाय तर नाय लागंल. पण कोणी इचारलं तर आड हाय म्हणता यावं की नाय?"

त्याच दिवशी मी कार्मेनाबाईंना सगळं सांगितलं. आत्याच्या पदरापासून खालाच्या मनगटापर्यंत. आबा खोटं का बोलले तेही. त्यांनी खुर्ची खिडकीकडं वळवून घेतली आणि दिवसभर माझ्या हातचं सूप घेतलं नाही. ते मला मिळायलाच हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळ्यांची वाटी पुढं केली तर माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मेला. किती फूट झालं?"

तेव्हापासून रोज विचारतात. कासवाचं नाव काढत नाहीत. काल बावीस फूट होतं. अजून कोरडं.

इतकी वर्षं कोणी घर कुठं विचारलं की मी शहराचं नाव सांगायची. आता घर म्हटलं की मला तो खड्डा दिसतो, आणि मी भरलेलं एकेक टोपलं बाहेर काढणारा म्हातारा माणूस. तुमच्यातले कितीजण दुपारी येऊन दोर धरतात हे खालानं सांगितलं. तुमचं पाणी मी बंद केलं होतं. तुम्ही दोर धरताय.

मी रजा टाकली आहे. आबांना सांगितलं, मी येते, मी पण ओढते. ते म्हणाले, "ओढायला माणसं हाईत. तू फक्त कासव घेऊन ये पैठणहून. मी नेऊन सोडलं, तू आण."

"आबा, कासव धरू देत नाहीत आता. कायदा आहे."

"मग मासे आण दोन-चार. पण तू आण."

मी विचारलं, आणू कशात? घरात काही आहे का?

पलीकडं आबांनी भरलेली टोपली वर ओढून घेतली. मग म्हणाले, "तीच बादली हाय. ठिवलीय."